धरायला काहीतरी

बुधवार, ४ मार्च, सकाळी सव्वासहा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी आत्ता न्हाणीघराच्या पायरीवर बसलो आहे. शेजारी टेप, मांडीवर जुनी पाटी आणि पाटीवर हा कागद. फरशी धुऊन ठेवली आहे आणि ती सुकायला किती वेळ लागतो ते बघतो आहे, कारण आत्या साडेसहाला उठते आणि उठल्या उठल्या इकडेच येते. फरशी अजून ओलीच आहे.

मी सकाळी सकाळी पत्र लिहायला बसलो म्हणजे काहीतरी झालं, हे तू ओळखलं असशीलच. परवा सोमवारी आत्या इथे घसरली. हाड मोडलेलं नाही. डॉक्टरांनी दोनदा दाबून बघितलं. मी तिसऱ्यांदा बघायला सांगितलं तेव्हा ते वैतागले. कोपर सुजलं आहे, मांडी काळीनिळी पडली आहे. आत्याने मला बजावलं आहे की वावटळीला यातलं अक्षरही कळता कामा नये. वावटळ म्हणजे अजूनही तूच. शेजारच्या काकूंना तिने सांगितलं की व्यायाम करताना लागलं. काकूंनी विचारलं, कोणता व्यायाम, तर म्हणाली की तो तुम्हाला झेपायचा नाही.

सगळा जन्म मुलींच्या शाळेत कवायत शिकवण्यात गेला तिचा. आपला तोल जातो हे ती कोणत्या तोंडाने सांगणार? पण मी रात्रीचा कान देऊन पडतो ताई. जिन्यावर पाऊल वाजलं की मी मोजतो, आणि एखादं पाऊल उशिरा वाजलं तर अंथरुणात उठून बसतो.

शाळेतल्या गाणेबाई तुला आठवतात ना, दर रविवारी पत्ते कुटायला यायच्या त्या? गुडघे गेल्यापासून त्यांना दाराच्या पायऱ्या चढवत नाहीत. आता त्या काठी टेकून रस्त्यात उभ्या राहतात, आत्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसते, आणि दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे ओरडून गप्पा होतात. कोणाच्या सुनेचं काय चाललं आहे ते सगळ्या गल्लीला समजतं. पत्ते मात्र बंद पडले, कारण इतक्या लांबून आत्याला लबाडी करता येत नाही.

मी हे घर तिच्यासाठी नीट करायचं म्हणतो. माझी शाळा अर्धवट राहिली, पाट्या रंगवण्यापलीकडे फारसं येत नाही, पण टेप लावता येते आणि विचारता येतं. तुझ्या वॉर्डात पडलेली माणसं रोज येतात. कुठून सुरुवात करू ते कळव. फोनवर बोललो असतो, पण फोन दुकानात मालकांच्या टेबलावर आहे आणि मी बोलायला लागलो की मालक काम थांबवून ऐकतात.

ती उठली वाटतं. कागद लपवतो. भावोजींना नमस्कार, चिमणीला पापा. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा
फुटपट्टी


११ मार्च

चि. फुटपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

तू कळवलंस ते बरं केलंस, आणि दोन दिवसांनी कळवलंस ते वाईट केलंस. बाकी पत्रात एकही चूक सापडली नाही, मी शोधली.

आता नीट ऐक. पहिल्यांदा पडलेलं माणूस आमच्याकडे स्वतःच्या पायांनी येतं आणि घरी जातं. दुसऱ्यांदा पडलेलं स्ट्रेचरवरून येतं, आणि त्यातली किती घरी जातात ते मी तुला लिहिणार नाही. म्हणून माझं ठरलं आहे. मेच्या सुरुवातीला मला रजा आहे. तोवर आत्या पुन्हा पडली, तर मी येऊन तिला इकडे आणणार. कायमची. इथे लिफ्ट आहे, खोलीला लागून न्हाणीघर आहे, मी आहे. मग तिला हवं तर माझ्या नावाने शिट्ट्या मारू देत.

वरच्या खोलीच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही, हे मला माहीत नाही असं नाही.

आईबाबा गेल्यावर आपण त्या घरात आलो तेव्हा तू दोन वर्षांचा होतास, तुला काही आठवणार नाही. एकटीने राहणाऱ्या बाईचं घर होतं ते. पहिल्याच आठवड्यात तिने जुन्या चादरी फाडल्या आणि टेबलाच्या, कपाटांच्या कोपऱ्यांना गुंडाळल्या, सगळ्या तुझ्या कपाळाच्या उंचीवर. तू स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलंस, तर आतली कडीच उखडून टाकली. पुढे कितीतरी वर्षं आपण सगळे आत असताना गाणं म्हणायचो, कोणी येऊ नये म्हणून. मी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना हनुवटी फोडून घेतली, तर दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून तिने अख्खा कठडा कापून काढला. म्हणाली, मुलगी काही सुधारायची नाही, कठडाच जाऊ दे. पाहुणे यायचे आणि त्या चिंध्या गुंडाळलेल्या घराला हसायचे. तिला काही वाटायचं नाही.

तेव्हा आता तूही चांगलं दिसतं का याचा विचार करू नकोस. जिन्याला कठडा लाव, दोन्ही बाजूंनी. न्हाणीघरात धरायला दांडा आणि बसायला स्टूल. पायपुसणी सगळी उचल. दिवे वाढव. आणि तिची येण्याजाण्याची वाट मोकळी ठेव, पायात काही येता कामा नये.

जेवणाच्या वेळा पाळ. माझा जीव तुम्हा दोघांत अडकलेला असतो, एवढं ध्यानात ठेव.

तुझी
ताई


रविवार, २९ मार्च, दुपारी चार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात रंगाचे आहेत, कागदाला डाग पडले तर समजून घे. तू सांगितलेलं सगळं केलं, आणि थोडं जास्तही.

दाराच्या पायऱ्यांना लागून गवंड्याकडून सिमेंटचा उतार करून घेतला. सिमेंट ओलं असतानाच त्यावर झाडूने आडव्या रेघा ओढल्या, म्हणजे पाय सरकत नाही. गवंडी म्हणाला होता की उतार थोडा उभाच राहू दे, जागा वाचेल. मी बादलीत पाणी घेऊन, एका हाताने भिंत धरून, स्वतः चढून बघितलं आणि त्याला पुन्हा करायला लावलं. तेव्हापासून तो मला साहेब म्हणतो, पण चांगल्या अर्थाने म्हणत नसावा.

जिन्याला कठडा आला. प्रत्येक पायरीच्या कडेला मी तीन बोटं रुंद पिवळा पट्टा मारला आहे, पाट्यांच्या चांगल्या रंगाचा. मालक म्हणाले, हा रंग गिऱ्हाइकांचा आहे. मी म्हटलं, पगारातून कापा. आत्या वरून खाली बघून म्हणाली, घराचा फलाट करून टाकलास, आता गाडी कधी येते तेवढं सांग. पण ती उतरताना पट्ट्याकडे बघते. मी चोरून पाहिलं आहे.

आणि मधला बोळ! बाहेरच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतचा तो लांबलचक अंधारा बोळ आठवतो ना, ज्यात तू मला भुताची भीती घालायचीस? तिथे किती अडगळ होती. दोन खुर्च्या, कोटांचा स्टँड, चपलांचं कपाट आणि ते लांब बैठं कपाट, ज्याचा कोपरा मला अजूनही रोज लागायचा. एका दुपारी मालकांची हातगाडी आणि दोन मित्र आणले आणि सगळं मागच्या शेडमध्ये टाकलं. भिंती पांढऱ्या केल्या, मोठा दिवा लावला. आता वाट इतकी मोकळी आहे की बोललं तर घुमतं.

आत्या बोळाच्या तोंडाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, कोणाला नाचायला बोलावणार आहेस का? मी हसलो. पण परिणाम बघ, तेव्हापासून ती त्या बोळातून भराभर चालते, थांबत नाही की इकडेतिकडे बघत नाही. पूर्वी रमतगमत जायची. मी काकूंना म्हटलंसुद्धा, बघा कसा भरवसा आला तिला.

आज गाणेबाई आत आल्या. उताराने हळूहळू चढल्या, दारात थांबल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. दोन वर्षांत खोली किती लहान झाली म्हणाल्या. आत्याने त्यांना रडणं आवरा असं शिट्टीच्या आवाजात सांगितलं आणि पत्ते काढले. पहिलाच डाव आत्याने जिंकला. कसा जिंकला ते तुला माहीत आहे.

आता ये तू मेमध्ये आणि बघ. न्यायचं नाव काढणार नाहीस. तुझं लक्ष इकडे असतं म्हणून मला धीर असतो.

तुझा
फुटपट्टी


५ एप्रिल

चि. फुटपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

घाईत लिहिते, रात्रपाळी आहे. पत्र चिमणीला वाचून दाखवलं. तिला पिवळे पट्टे आपल्या घरातही हवे आहेत. तुझे भावोजी म्हणाले, मेहुणा शाळा शिकला असता तर इंजिनियर झाला असता. मी म्हटलं, आहे तो बरा आहे, इंजिनियर पत्रं लिहीत नाहीत.

गाणेबाई आत आल्या हे वाचून मला ते रविवार आठवले. आपण दोघं टेबलाखाली बसून दोघींच्या पायांकडे बघायचो. आत्याचा पाय हलला की ती खोटं खेळते आहे, हे आपण त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का रे?

तू छान केलंस. झोप जरा आता. तुझ्या मोजमापांवर माझा विश्वास बसायला लागला आहे, तो जपून वापर.

ताई


शुक्रवार, १० एप्रिल, दुपारी दीड

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या शेडमध्ये, अडगळीत बसून हे लिहितो आहे. आत्या काल पडली. बोळात पडली, अगदी मधोमध, जिथे पायात यायला काहीच नव्हतं.

मनगट मुरगळलं आहे, कपाळाला टेंगूळ आहे. हाड यावेळीही वाचलं. आत्याने मला समोर बसवलं आणि यावेळी आवाज न चढवता सांगितलं की लिहू नकोस. ती कधी विनंती करत नाही ताई, तुला माहीत आहे. तुझी अट मी तिला बोललो नव्हतो, तरी तिला कळली होती. रात्रभर विचार केला की न लिहिता जमेल का. नाही जमत. मी लपवलं आणि तिसऱ्यांदा काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवू?

झालं असं. मी दुकानात होतो. गाणेबाई आल्या, त्यांनी दार वाजवलं. आत्या न्हाणीघराकडून निघाली, दार उघडायच्या ओढीने. गाणेबाईंना पडल्याचा आवाज आला तशा त्या आपल्या किल्लीने आत आल्या. किल्ली मीच दिली होती, तेवढं एक शहाणपण केलं होतं. त्यांना आत्याला उचलता येईना. मग त्या काठी टाकून तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी पोचलो तेव्हा दोघी पाय पसरून भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कुठल्या तरी जुन्या वार्षिक शर्यतीत कोणाच्या चुकीमुळे मुली उलट्या दिशेने धावल्या यावर कडाक्याचं भांडत होत्या. मला आधी एकीला उठवावं लागलं, मग दुसरीला.

सकाळी मी इथे खुर्ची न्यायला आलो, आत्याला बोळात मध्येच बसायला होईल म्हणून. शेडच्या दारातून ऊन तिरपं येतं. ते त्या बैठ्या कपाटावर पडलं होतं. ताई, त्याच्या वरच्या कडेचं पॉलिश गेलेलं आहे. सगळीकडचं नाही. तळहाताएवढंच, कोपऱ्याशी एकदा, आणि पलीकडच्या कोपऱ्याशी एकदा. खुर्चीच्या पाठीवर तसंच. कोटांच्या स्टँडचा दांडा एका जागी गुळगुळीत झाला आहे. मी सगळ्या वस्तू इथे अंगणात त्याच क्रमाने मांडल्या, जशा बोळात होत्या, आणि डोळे मिटून त्या जागांना हात लावत चाललो. एकीपासून दुसरीपर्यंत बरोबर एक पाऊल पडतं, फार तर दीड.

ती धरून चालत होती. रमतगमत नव्हे, धरून. कोणी बघत असलं की हात लावायची नाही. आणि ज्याला मी अडगळ म्हटलं तो तिचा कठडा होता. तो मी हातगाडीवर घालून फेकून दिला. नंतरचं ते भराभर चालणं भरवशामुळे नव्हतं. धरायला काही नाही म्हणून ती एका दमात पलीकडे पोचायचा प्रयत्न करत होती. आणि मी काकूंना सांगत सुटलो.

तेव्हा ती पडली ते माझ्यामुळे, घरामुळे नाही. हे तू तुझ्या अटीत धरायचंस की नाही ते तू ठरव. मी सुताराला बोलावलं आहे. बोळाच्या दोन्ही भिंतींना लाकडी दांडा बसवणार आहे, कपाटावरच्या त्या जागा जितक्या उंचीवर आहेत तितक्याच उंचीवर. पुस्तकात काय उंची दिली असेल ती असो. कपाट आणि खुर्च्या परत जातील आणि भिंतीला पक्क्या होतील.

तिला नेऊ नकोस असं मला लिहायचं होतं. पण तसं लिहायचा मला आता हक्क वाटत नाही. तरी लिहून टाकलंच.

तुझा भाऊ


१५ एप्रिल

चि. फुटपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझं मलाच आठवलं की वाट मोकळी ठेव हे मीच लिहिलं होतं. तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसू नकोस, मला माझा वाटा दे.

माझ्या वॉर्डात म्हातारी माणसं एका पलंगापासून दुसऱ्या पलंगापर्यंत धरत धरतच जातात. मी रोज बघते. आत्याच्या बाबतीत ते माझ्या मनाला शिवलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर आत्या येते ती मैदानाच्या मधोमध उभी, हात कमरेवर, आजूबाजूला टेकायला काही नाही.

पण अट ती अट. ३ मेला सकाळी पोचते. सोबत एक मोठी रिकामी बॅग आणते आहे, तुला आधीच सांगून ठेवते. ती भरायची की नाही ते मी तिला चालताना बघून ठरवीन. तोवर सुताराच्या मागे लाग. आणि रडत बसू नकोस, माझ्या वाट्याचं मी इथे रडून घेतलं आहे.

तुझी
ताई


१२ मे

चि. वावटळीस,
अनेक आशीर्वाद. विश्राम.

पोचल्याचा निरोप मिळाला. मनगट बरं आहे. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. फुटपट्टीला दाखवलं तर तो माझ्या वेलांट्या तपासेल, म्हणून बंद करूनच देणार आहे.

आठ दिवस तू माझ्या मागे मागे फिरलीस, जशी शाळा तपासायला आलेली साहेबीण. मला सगळं कळत होतं. पहिल्या दिवशी तू ती बॅग पलंगाखाली सरकवलीस. पलंगाखालचं मी रोज झाडते, बाई. रिकाम्या बॅगेचा आवाज वेगळा येतो. रोज सकाळी मी ती ढकलून बघायची, भरायला लागलीस का म्हणून. शेवटच्या दिवशी तू तिच्यात तुझे शाळेतले जुने पेले आणि चिमणीसाठी माझा दोरीउड्यांचा दोर भरलास, आणि गाडीत बसलीस. मी दारात उभी होते, हात हलवत. दुसऱ्या हाताने दाराशी लावलेला तो नवीन दांडा धरला होता. सगळ्यांसमोर धरला होता. तुझ्या लक्षात आलं असेल.

आता तुला एक सांगते, मग विषय बंद. गेलं वर्षभर मी असं करायची की फुटपट्टी खोलीत असला तर खुर्चीतून उठायचंच नाही. तो दुकानात गेला की मग चालायचं, धरत धरत. तहान लागली तरी तो जायची वाट बघायची. हजारो मुलींना मी ताठ उभं राहायला शिकवलं, त्यातली एखादी अचानक दारात आली तर? असला वेडेपणा. बोळातले दांडे आल्यापासून पाण्याला मी स्वतः उठते.

तू इतकी वर्षं बोलावते आहेस आणि मी येत नाही, म्हणून तू रुसतेस. भीती वाटायची. एकदा आले की तू ठेवून घेशील. आणि तुझ्या घरात कुठे काय धरायचं ते मला माहीत नाही. आता पहिली भीती गेली, दुसरी तू घालव. तुझ्या न्हाणीघराला दांडा हवा, बसायला उंच स्टूल हवं. पलंग आणि दार यांच्यामध्ये एक जड खुर्ची ठेव, हलणारी नको. दारातलं ते केसाळ पायपुसणं फेक. चिमणीची खेळणी माझ्या वाटेत नसावीत, पण चिमणी असावी. हे सगळं झालं की कळव. मी पाहुणी म्हणून येईन, पंधरा दिवस.

परतीचं तिकीट आधी काढायचं, जाण्याचं नंतर. जावईबापूंना आशीर्वाद. माझ्यावर जीव आहे तो तसाच ठेव, काळजी मात्र निम्मी कर.

आत्या


शुक्रवार, २२ मे, रात्री पावणेआठ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेल तेव्हा आत्या तुझ्याकडे असेल, तेव्हा ते तिच्यासमोर वाचू नकोस. आज सकाळच्या गाडीत बसवून दिलं. कंडक्टर हात द्यायला पुढे आला, तर तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि दाराचा दांडा धरून चढली. मग खिडकीतून डोकं काढून मला सूचना दिल्या. गाडी सुटली तरी तोंड चालूच होतं.

घरी आलो तर गाणेबाई आत बसलेल्या. त्यांना माहीत होतं ती गेली आहे, तरी आल्या. म्हणाल्या, पाय आपोआप इकडे वळले. पत्ते मांडले आम्ही. ताई, त्याही लबाडी करतात. आत्याइतकीच करतात. इतकी वर्षं दोघी एकमेकींना फसवत होत्या आणि दोघींनाही माहीत होतं.

आता घराच्या कामाचा हिशेब, तू मागितला होतास म्हणून. सुताराचे साडेतीन हजार, लाकडासकट, दिले. न्हाणीघराचे दांडे, रबरी चटया आणि स्टूल मिळून अकराशे, दिले. रंगाचे दोनशे चाळीस मालकांनी पगारातून कापले आणि नंतर साठ परत केले, का ते सांगितलं नाही. तू जाताना दिलेले दोन हजार यात आले, माझ्याकडून तुझं काही देणं राहिलेलं नाही. आत्याचं जाण्याचं तिकीट तू काढलंस. परतीचं, ६ जूनचं, तिने स्वतःच्या पैशांनी काढलं आहे आणि ते स्वतःच्या पाकिटात ठेवलं आहे.

देणं फक्त गवंड्याचं राहिलं आहे, चारशे. तो काल मागायला आला होता. आत्याने त्याला सांगितलं की उताराला खालच्या टोकाशी तडा गेला आहे, तो मी परत आल्यावर माझ्यासमोर बुजवायचा आणि पैसे माझ्या हातून घ्यायचे. मला बजावलं आहे की तोपर्यंत एक छदाम द्यायचा नाही.

तुझा
फुटपट्टी